पाथर्डी फाट्यावरची एक खोली

बायको भाद्रपदात गेली. आमचं तीन खोल्यांचं भाड्याचं घर त्यानंतर अंगावर येऊ लागलं, म्हणून मी पाथर्डी फाट्याच्या बाजूला वन आरके शोधायला लागलो. एक खोली, एक ओटा आणि पुस्तकांपुरती भिंत, एवढीच माझी मागणी होती.

पहिल्या चार ठिकाणी एकच प्रश्न आला. "फॅमिली आहे ना?" मी एकटाच, असं म्हटलं की बोलणं तिथंच संपायचं. शेवटी एजंटनं मोटारसायकल बाजूला घेतली.

"सर, एकटा म्हटलं की सोसायटी बॅचलर धरते."

"मी बावन्न वर्षांचा आहे."

"गेटवरच्या बोर्डावर 'बॅचलर नको' एवढंच असतं, वय नसतं लिहिलेलं. मंडळी माहेरी गेल्यात म्हणा ना. कोण बघायला जातंय?"

ती गेल्याचं मी त्यालाही सांगितलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर कदाचित पहिल्याच घरी खोली मिळाली असती. पण विधुर हा शब्द मी आयुष्यभर फक्त वाचला होता. स्वतःसाठी तो तोंडून निघेना.

पाचव्या घरी मी म्हणालो, "सायखेड्याला आहे, माहेरी. दिवाळीनंतर येईल."

मालकीणकाकू समोरच्याच दारात राहायच्या. त्यांनी लगेच किल्ली दिली.

द्राक्षांच्या खोक्यांत भरून पुस्तकं आणली. बरीचशी भिंतीलगत लावली. एक खोकं मात्र उघडलं नाही. त्यात तळाशी तिचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. माहेरी गेलेल्या बाईच्या फोटोला हार का, हे कुणीही विचारलं असतं. खोली मिळाली होती, आणि तिथं तिला ठेवायला जागा नव्हती.

दिवाळी झाली. जिन्यात काकू विचारायच्या, "काय सर, कधी येतायत मंडळी? का भांडून गेल्यात?" मी म्हणायचो, तिच्या आईला बरं नाही. पुढे पुढे ते सांगताना मला बरं वाटू लागलं. सायखेड्याच्या अंगणात ती आईचे पाय चेपत बसली आहे, असं क्षणभर दिसायचं. मग खोलीत येऊन मी त्या खोक्याकडे पाठ करून वाचत बसायचो. पान उलटायचं राहून जाई.

संक्रांतीनंतर एका दुपारी काकू दारात आल्या. हातात हळदीकुंकवाची कोयरी, तिळगूळ आणि वाणाची चहाची गाळणी.

"आज बायका बोलावल्या होत्या. वहिनींचं वाण बाजूला ठेवलंय. आल्या की द्या त्यांना."

मी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. तिच्या नावानं काहीतरी घ्यायचं आणि ते कुणाला द्यायचं नाही, हे मला जमेना.

"काकू, ती यायची नाही," मी म्हणालो. "ती भाद्रपदातच गेली. मी खोटं बोललो. खोली सोडायला सांगितलीत तर सोडेन."

काकूंनी वाण धरलेला हात मागे घेतला. मला वाटलं, आता काकांना हाक मारतील.

"एवढे दिवस मी चेष्टा करत होते तुमची," त्या हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अहेव, सवाष्ण गेल्या ना. मग वाण त्यांचंच. ते परत नेत नाहीत. फोटो कुठंय?"

मी खोकं उघडलं. मी पुस्तकं एकेक करून बाहेर काढेपर्यंत त्या तशाच हातात कोयरी धरून थांबल्या. फोटो निघाल्यावर त्यांनी पदरानं काच पुसली, हळद लावली, कुंकू लावलं आणि गाळणी त्यासमोर ठेवली.

जाताना दारातून वळून म्हणाल्या, "काकांना मी सांगते. खिळा पूर्वेच्या भिंतीला मारा. एकच हं, नवा रंग आहे."