चार आखूड बाण

मी तिरंदाजी शिकायला लागले तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. खराडीतल्या ऑफिसात दिवसभर संगणकापुढे बसून मान आखडली होती. एक मैत्रीण रविवारी सकाळी मला कात्रजजवळच्या मैदानावर घेऊन गेली आणि मी तिथलीच झाले. बांबूचं धनुष्य, लाकडी बाण. सहा महिने मैदानावरचे बाण वापरल्यावर तिथे शिकवणारे सर म्हणाले, "आता स्वतःचे करा. बाणाच्या काड्या लांब मिळतात, आपल्या मापाने कापायच्या. पण कापण्याआधी माप मला दाखवा."

मी डझनभर काड्या आणल्या. माप मात्र दाखवलं नाही. एवढं काय त्यात, असं वाटलं.

घरी बाबा होते. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच राहतात. तरुणपणी नागपूरकडून आले आणि भोसरीच्या एका कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे बनवण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर कंपवात झाला. मांडीवर ठेवलेला उजवा हात सारखा थरथरतो, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. हत्यारांची पेटी त्यांनी स्वतःच माळ्यावर टाकायला लावली होती. म्हणून मीही त्यांना काही विचारलं नाही. विचारलं तर त्यांना लागेल, असा माझा समज.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये मी एकटीनेच धनुष्य ओढलं, पुढे वाकून बघत काडीवर पेन्सिलने खूण केली आणि त्या मापाने चार काड्या कापल्या. बाबा खुर्चीतून बघत होते. टोकं बसवली, मागे दोरीत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या खाचा चिकटवल्या. दुपारी गोंद वाळल्यावर एक बाण दोरीला लावला आणि या वेळी मैदानावर ओढते तशी, समोर भिंतीवर नजर ठेवून, दोरी पार हनुवटीपर्यंत आणली.

"सोडू नकोस," बाबा म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता, पण मी जागीच थांबले.

"हलू नकोस. हळूहळू दोरी पुढं ने. बोटं उघडू नकोस."

दोरी सैल झाल्यावर मी खाली बघितलं आणि मग कळलं. ओढताना बाणाचं टोक धनुष्याच्या मागे आलं होतं, नेमकं माझ्या डाव्या मुठीवर. त्या वेळी दोरी सुटली असती तर बाण हातातच शिरला असता. भिंतीवर नेम धरून नुसती ओढून बघणार होते, सोडणार नव्हते. पण बोट निसटायला कितीसा वेळ लागतो.

मी खाली बसले. बराच वेळ डाव्या हाताचा अंगठा चोळत राहिले. बाबांनी मला बसू दिलं. मग म्हणाले, "खूण करताना तू मान पुढं काढून बघत होतीस. तेव्हा दोरी हनुवटीपर्यंत आलीच नव्हती."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस," ते म्हणाले. "आणि मला वाटलं, माझं काय आता. चुकलंच माझं. पेटी काढ."

माळ्यावरून पेटी काढली. बारीक दातांची करवत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली होती, गंज नव्हता. आधी त्यांनी मला पुन्हा धनुष्य ओढायला लावलं आणि खूण स्वतः केली, धनुष्याच्या पुढे दोन बोटं. रेघ वेडीवाकडी आली. "चालतंय, जागा बरोबर आहे," म्हणाले. मग एका फळीवर दोन पट्ट्या ठोकून घेतल्या, मध्ये काडी बसेल एवढी फट, शेवटी अडवायला एक ठोकळा. मापाच्या जागी काडीला कागदी टेप गुंडाळायला लावली, म्हणजे तंतू फाटत नाहीत.

मी करवत जोरात चालवायला घेतली.

"घाई काहून करतेस? रेघेवर नाही कापायचं. रेघ ठेवून कापायचं. करवतही लाकूड खाते."

तरी काडी गोल असल्याने करवत घसरत होती. तेव्हा बाबा खुर्ची ओढून जवळ आले आणि दोन्ही हातांनी काडी धरून हळूहळू फिरवू लागले. मी करवत चालवत होते, ते काडी फिरवत होते. काडी धरली की त्यांच्या हाताची थरथर जवळजवळ थांबत होती. मी बघितलं, त्यांनीही बघितलं. प्रत्येक कापलेलं टोक ते अंगठ्याने चाचपायचे आणि पुढची काडी मागायचे. आठही काड्या एका मापाच्या निघाल्या. रात्री त्यांना टोकं, खाचा आणि पिसं बसवली.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना मैदानावर घेऊन गेले आणि सरांना सगळं खरं सांगितलं. सरांनी आठही बाण एकेक करून तळहातावर फिरवून बघितले. "म्हणजे वडील नसते तर आज तुम्ही इथे बँडेज दाखवायला आला असतात," एवढंच मला म्हणाले. बाबांना मात्र त्यांनी स्वतःची खुर्ची दिली.

त्या आठांतले पाच त्या सकाळी निशाणाच्या कागदाला लागले, तीन मागच्या गवतात गेले. माझ्यासाठी ते पुष्कळ होतं.

आता मैदानावरच्या दोघी-तिघी आपल्या काड्या घेऊन आमच्याकडे येतात. बाबा त्या दिवशी लवकर दाढी करून बसतात. आधी माप घेतात, मग फळी मांडतात, आणि चहा काम झाल्यावरच घेऊ देतात. माझ्या लहानपणी ते कारखान्यातून घरी यायचे तेव्हा त्यांचं काम संपलेलं असायचं. काम करताना मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं. माझा हात वाचला, याचं मोल आहेच. पण त्यांच्या शेजारी बसून करवत चालवायला मिळते, यासाठी मी जास्त ऋणी आहे.