जुनेर मागत अमरावतीला

चंद्रे, तू विसरभोळी आहेस हे मी नवीन सांगत नाही. उखाण्यात नवऱ्याच्या नावापाशी अडतेस ती लाजून, असं बायांना वाटतं. मी तुझी थोरली बहीण, मला माहीत आहे, तुला ते नाव तेवढ्यापुरतं आठवत नाही. तुम्ही आधी माझ्याकडे येणार, म्हणून माझ्या दारापासूनची अमरावतीची वाट तोंडी न सांगता पंतोजींकडून लिहवून घेतली आहे. धारणीच्या ज्या बाया तुझ्यासोबत अंबादेवीला निघणार आहेत, त्यांनाही ऐकव. माझं बोलणं पंतोजींनी धुऊन वाळत घातलं आहे. वाटेतल्या माणसांचं तेवढं मी जसंच्या तसं ठेवायला लावलं.

मी काही देवीला गेले नव्हते. माझी धाकटी लेक गोदा अमरावतीला दिलेली. तिची आधीची दोन लेकरं माझ्या घरी जन्मली आणि महिना भरायच्या आत गेली. या खेपेला व्याह्यांनी तिला माहेरी धाडलीच नाही. आमची माती अपेशी ठरली. मार्गशीर्षात एका कापसाच्या गाडीवाल्याने निरोप आणला, मुलगा झाला. बैलांना पाणी पाजून झाल्यावर, जाता जाता सांगावं तसं, तो म्हणाला की लेकरू रडतं फार आणि पितं कमी. मी त्याच दिवशी बोचकं बांधलं.

ज्या घरी लेकरं टिकत नाहीत तिथल्या लेकराला नवं फडकं लावत नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे. जिथली लेकरं जगली अशा पाच घरांतून जुनेर मागायचं. विकत घ्यायचं नाही, हात पसरूनच घ्यायचं. त्याची कुंची आणि अंगडं शिवलं की सटवाईला वाटतं, हे भिकाऱ्याचं पोर, इथे नेण्यासारखं काही नाही. दोन फडकी गावातच मिळाली. उरलेली वाटेत मिळतील म्हणून मी बिनघोर होते. चिंधी मागायला असं काय लागतं? बोचक्यात वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, उगाळायची सहाण आणि शेकायला ओव्याची पुरचुंडी होती. आमच्या उंबऱ्यावर वैद्य कधी चढला नाही. माझी सगळी लेकरं एवढ्यावरच वाढली.

दमणी, आमची बैलांची हलकी गाडी, हाकायला दीर आले, महादू भाऊजी. आमच्या गावाहून बार्शीटाकळी आणि पुढे अकोला, हा एका दिवसाचा रस्ता, पण पहाटे निघा. ऊन चढलं की कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि पुढच्याची धूळ खात बसावं लागतं. दोन्ही बाजूंना नुसती कापसाची पराटी. विहिरीच्या काठापर्यंत, देवळाच्या ओट्यापर्यंत पांढरं. सातासमुद्रापलीकडे गोरे आपसात लढतात आणि त्यापायी आमच्या बोंडाला सोन्याचा भाव, असं भाऊजी सांगत होते. त्यांनी यंदा जवारीची एक ओळ पेरली नाही, माझ्या लेकानेही नाही. पाखरं राखायचे माळे ओस पडलेले. पाखरांनी कापूस खावा का, असं मी विचारलं तर भाऊजी बैलावर ओरडले.

अकोल्याला मोर्णेच्या काठी धर्मशाळा आहे. जागा मिळते, पिसवा फुकट. दमणी सोडून मी आसपासच्या घरी जुनेर मागायला निघाले. पहिल्या दारी एक लेकुरवाळी होती, अंगावर करकरीत नवं लुगडं, पोरांच्या अंगात मांजरपाट. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"माय, जुनं आता कोणापाशी राह्यलं? गोधड्या उसवल्या, कापूस इकला. वरची फडकी गठ्ठे बांधाले गेली," ती म्हणाली. "नवं नेतं का? वारभर देतो."

नवं नको म्हटल्यावर ती हसली. पुढच्या घरीही तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. एका घरची म्हातारी तर थंडीत नुसत्या तरटावर निजली होती. तिच्या सुनेने तिच्या अंगाखालची गादी उसवून कापूस विकला होता. त्या पैशाची समई आणली होती, ती म्हातारीच्या उशाशी लखलखत होती. भाऊजी मला म्हणाले, "वयनी, लोकं आता नवं फेकून राह्यले, अन् तुमी चिंध्या मांगून राह्यल्या." मी म्हटलं, तुमच्या डोक्याचं फडकं द्या मग. त्यांनी दिलं नाही. त्यांना पोर नाही, म्हणून ते चाललंही नसतं. पण त्यांनी पटका घट्ट धरला तो पाहून मला हसू आलं. त्या प्रवासातलं तेवढंच हसू.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. जुनं भांडं घ्यायचं असेल तर ते या दिवसांत अकोल्याला घ्या. सगळ्यांना नवं हवं आहे, त्यामुळे जुन्या बाजारात तांब्या-पितळेचे ढीग लागलेत. मला एक बोंडलं सापडलं, तांब्याचं, लेकराला दूध पाजायचं. त्याच्या चोचीला बारीक दातांचे ओरखडे होते. म्हणजे त्याने दात येईस्तोवर एखादं पोर पोसलं होतं. मी भाव न करता घेतलं. घासाघीस न करता मी काही घेतलं, हे तुला खरं वाटणार नाही.

पुढे बोरगाव, मग मूर्तिजापूर. बोरगावी विहिरीवर एकीने आपल्या नेसत्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडून दिला. ती पिंजाऱ्याची बायको होती, गादी भरणाऱ्याची, आणि गावात गाद्याच उरल्या नव्हत्या. मूर्तिजापूरला आणखी एक तुकडा मिळाला. मुक्काम करायचा तर तिथे करा, गोड्या पाण्याची विहीर आहे. पण बैलांची वैरण घरून न्या. कडबा मिळत नाही. जवारी नाही तर कडबा कुठून येणार? मुठीएवढ्या पेंढीला भाऊजींनी जे मोजलं त्यात एरवी आठवडा निघाला असता. मूर्तिजापुरापासून पुढे मातीचा एक लांब बांध चालू आहे, त्यावरून म्हणे आगगाडी जाणार. शेकडो बाया-माणसं टोपल्या वाहतात. त्यांच्या चुलींवर मात्र जवारीच्या भाकरीचा वास होता. त्यांचा ठेकेदार त्यांना दाणा कुठून तरी बाहेरून पुरवतो.

पाचवं फडकं बडनेऱ्याला मिळालं. दमणीतच बसून मी कुंची शिवली, अंगड्याला बंद लावले आणि मला वाटलं, आता हे लेकरू कुठे जात नाही.

अमरावतीत परकोटाच्या वेशीत शिरायला अर्धा दिवस गेला, एवढी गाड्यांची दाटी. गोदाचं घर आत आहे. दारात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. ओसरीवर नवी हंडी, नवा झोपाळा. विहीणबाई सामोऱ्या आल्या आणि मला आधी पाळणा दाखवला, रंगीत, सांगून करवलेला. लेकराच्या गळ्यात सोन्याचा ताईत होता. तो त्याच्या छातीहून जड वाटत होता. रडणं केव्हाच थांबलं होतं. तोंड तेवढं उघडत होतं.

बाळंतिणीच्या खोलीत अंधार होता. मी गोदाच्या कपाळावर हात ठेवला. ती म्हणाली, "माय, पिळून पायलं. नाई येत."

काय खातेस, म्हणून विचारलं. पेठेतली खडीसाखर, शेव, पेढे. दाणा? आठ दिवसांत एकदा किडकी जवारी आली होती, तिची भाकर झाली. आळीव नाही, मेथी नाही, डिंक नाही. पैसा आहे, पण माल नाही. गाड्या कापूस घेऊन जातात आणि येताना रिकाम्या पळत येतात, कारण पुढच्या खेपेचा भाव चुकेल. आणि गाय? गाय कडब्यावाचून आटली, म्हणून जावयांनी विकली. शेजाऱ्यांनीही विकली. शेणाला गल्ली महाग झाली होती.

चंद्रे, मी सहाण मांडली. वेखंडाचा एक वेढा, हिरड्याचा एक, आणि हात थांबला. गुटी आईच्या दुधातच उगाळायची असते. बोंडलं घासून लखलखीत करून ठेवलं होतं, त्यात घालायला काही नव्हतं. कुंची अंगावर चढवली. सटवाईला फसवण्याची सगळी तयारी होती. भुकेला कसं फसवतात ते मला कोणी शिकवलेलं नाही.

विहीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पायजे तेवढा पैसा घ्या, विहीणबाई. पन लेकराले वाचवा."

"पैसा पेते का ते?" मी म्हटलं. नंतर मला वाईट वाटलं. ती बाई भिंतीला टेकून खाली बसली होती, आणि तिचंही ते तिसरं नातवंड होतं.

मग मी पुन्हा दारोदार फिरले, आता दुधासाठी. परकोटाबाहेर एका घरी शेळी सापडली. दोन दिवस बोंडल्याने शेळीचं दूध घातलं, पाणी घालून, ओव्याची धग दाखवून. पहिल्या दिवशी त्याने गिळलं. दुसऱ्या दिवशी दूध ओठाच्या कडेने खाली आलं. जावई शेतातून परत आले तेव्हा मी नातवाला मांडीवर घेऊन बसले होते, आणि तो मांडीवर नव्हताच. त्याला त्याच कुंचीत पुरला. ताईत काढून घ्यायचं कोणाला सुचलं नाही, मीही सांगितलं नाही.

देवीला गेलीस की नाही, हे तू विचारशीलच. कळस दिसतो वेशीतून. मी पाठ करून बसले.

गोदाला माझ्याबरोबर धाडायला कोणी नाही म्हटलं नाही. परतीच्या वाटेचं फार सांगण्यासारखं नाही. तोच रस्ता, तेच पांढरं. ती दमणीत आडवी पडून होती. मूर्तिजापूरच्या अलीकडे बैल थकले आणि दमणीचं चाकही मोडलं, म्हणून त्या मातकाम करणाऱ्यांच्या पालांपाशी थांबलो. एका म्हातारीने न विचारता भाकर आणि अंबाडीची भाजी आणून दिली. चाक दुरुस्त होईना, म्हणून आम्ही तिथेच राहिलो. मी गोदाला घास भरवत होते, सकाळी, दुपारी, सांजेला, आणि ती गिळत होती.

त्या म्हातारीच्या काखेत एक लेकरू असे. तिच्या सुनेला हैजाच्या साथीने नेलं होतं, लेक टोपल्या वाहायला गेलेला. तिसऱ्या दिवशी ते लेकरू जे रडायला लागलं ते थांबेना. मी आत पाहिलं तर गोदा उठून बसली होती. तिची चोळी दोन्ही बाजूंनी भिजली होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते पुन्हा बघायला लागू नये.

म्हातारी दमणीच्या दांडीपाशी आली. भाऊजी मध्ये पडले, तुमी कोन, तुमची जात कोनती, असं विचारू लागले. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. लेकरू गोदाच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "पाज माय. जात मंग इचारू."

नंतर कोणी विचारली नाही. निघताना म्हातारी म्हणाली, आमचं काम बांधाबरोबर पुढे जाते, हे कोणाच्या अंगावर वाढवू? तिच्या लेकाने मान खाली घातली, पोराच्या टाळूवर हात ठेवला आणि टोपली उचलून गेला.

आता घरी आहोत. प्रवासातून काय आणलंस, असं विचारतात, तर हे लेकरू आणलं. गल्लीतल्या बाया पाणी भरताना आमच्या दाराशी घागर ठेवत नाहीत. गोदा त्याला पाजते, पण तोंड भिंतीकडे करून. त्याला अजून नाव घेऊन हाक मारली नाही. मी त्याच्यासाठी जुनेर मागितलं नाही, सटवाईशी माझं बोलणं बंद आहे. तो जगेल की नाही, मला सांगता येत नाही. गुटी मात्र रोज उगाळते. आमच्या लेकाने अंगणाच्या कडेपर्यंत पराटी लावली आहे आणि कणगीचा तळ दिसतो. भाव असाच राहिला तर पुढच्या साली दाणा बघायला धारणीला यावं लागेल.

म्हणून तू आणि त्या बाया याल तेव्हा याल. वाट वर लिहिली आहे. पण त्याआधी तुझ्या नवऱ्याच्या दुकानातून आळीव पाठव, मेथीदाणा पाठव, डिंक असला तर थोडा. साखर नको, पेढे तर नकोच. पोर कोणाचं म्हणून विचारत बसू नकोस. आणि जवारी पाठव, मिळेल तेवढी. बाकीचं मागून आलं तरी चालेल, जवारी आधी.