वाडत्या वस्तूला पानी

हातात तांब्या नसलेले काका मला आठवतच नाहीत. तोंड धुऊन उरलेलं पाणी तुळशीला, पाहुण्याने अर्धं सोडलेलं फुलपात्र अनंताला, तांदूळ धुतलेलं अळवाला. "वाडत्या वस्तूला पानी पायजे," एवढं बोलून ते पुढच्या झाडाकडे वळायचे. असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेल. लांबून फार गोड वाटतो.

मी त्यांच्या अगदी जवळ होतो. साठच्या दशकात पालघरजवळच्या माहीमला त्यांच्या पडवीलगतच्या खोलीत भाड्याने राहायचो. मी देशावरून आलेला विज्ञानशिक्षक, ते पानवेलींचे बागायतदार. तिकडे तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं आणि आमच्या शाळेची सगळी प्रयोगशाळा माझ्या खाटेखालच्या ट्रंकेत होती. हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पालघरच्या तालुका प्रदर्शनात शाळेचं नाव झालं तर मैदानाकडची खोली प्रयोगशाळेला, नाहीतर तिथे मोडकी बाकं. त्या खोलीसाठी माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

मी मोरचुदाचा मोठा निळा स्फटिक करायचं ठरवलं. मोरचूद काकांकडेच होता, वेलींवर फवारायला आणलेला. गरम पाण्यात विरघळेल तेवढा विरघळवला, गाळला, काचेच्या बरणीत ओतला. एक बारीक खडा दोऱ्याला बांधून आत सोडला, वर कागद झाकला आणि बरणी पडवीतल्या कोनाड्यात ठेवली. हे काय, असं काकांनी विचारलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "खडा वाढवतोय."

तो शब्द मला फार महागात पडला.

आठवड्याभरात खडा वाटाण्याएवढा व्हायला हवा होता. तो गव्हाएवढा झाला आणि मग बारीक होत चक्क नाहीसा झाला. दुसरा लावला, तोही गेला. मी पुस्तक चाळलं, विहिरीच्या मचूळ पाण्याला दोष दिला, समुद्राच्या दमट हवेला शिव्या घातल्या. शाळेच्या विहिरीवरून पाणी आणून तिसरा लावला. प्रदर्शनाला चार दिवस उरलेले असताना मी जरा लवकर उठलो, तर काका कोनाड्यापुढे उभे. कागद अलगद उचलून तांब्यातलं पाणी बरणीत घालत होते. धार अगदी बारीक, रोपाला घालतात तशी.

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. पाणी उडून जाऊ द्यायचं असतं, तेव्हाच खडा धरतो, वरून पाणी घातलं की तो विरघळतो, हे मी ओरडून सांगितलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"तुमीच म्हनालात ना मास्तर, वाडवतोय म्हनून. रोज पानी खाली गेलेलं दिसायचं. तहानेला ठेवायचा काय त्याला?"

"काका, देवापुढचा नारळ वाढवतात तसा वाढवलात तुम्ही माझा खडा."

काकी आतून हसल्या. काका हसले नाहीत.

मी उरलेला खडा घेऊन एस.टी.ने पालघरला गेलो, बरणी मांडीवर धरून. परीक्षकांनी चष्मा पुसून बरणीत पाहिलं आणि स्फटिक कुठे आहे असं विचारलं. खोलीत मोडकी बाकं गेली. मी पंधरा दिवस काकांशी कामापुरतं बोललो.

मग एके दिवशी तेच माझ्या दारात आले. ओंजळीत मोरचुदाचे निवडक खडे होते. "परत लावा. आता नाय घालत पानी," म्हणाले. मी चौथी बरणी लावली, पण मन लागलं नाही. महिना झाला तरी खडा होता तेवढाच राहिला. विचारलं की काका आढ्याकडे बघायचे. ज्या माणसाने जन्मभर कुणाला तहानेलं ठेवलं नाही, त्याच्याशी भांडायचं तरी किती? मी नाद सोडून दिला.

पुढे ते तापाने पडले. आठ दिवस घरी, मग पालघरच्या दवाखान्यात. तिथून ते परत आले नाहीत.

चौदाव्यानंतर पडवी आवरताना काकींनी मला कोनाड्यातली बरणी नेऊन ठेवायला सांगितली. कागदावर धूळ होती. पाणी निम्म्याच्या खाली उतरलं होतं आणि दोऱ्याला सुपारीएवढा निळा खडा लटकत होता. कडा धारदार, अंग स्वच्छ. पुस्तकातल्या चित्रात असतो तसा.

मी दाखवायला पटकन मागे वळलो. मागे कुणी नव्हतं. मला त्या खड्याचा विलक्षण राग आला. काका अंथरुणावर पडल्यापासूनच तो वाढला होता.

पुढच्या वर्षी त्याच खड्यावर शाळेला ती खोली मिळाली. बाकं निघाली, ट्रंक उघडली. पुढे वर्षानुवर्षं त्या खोलीत मी मुलांना स्फटिक करायला शिकवलं. पाणी किती गरम, दोरा कसा बांधायचा, सगळं तोंडाने सांगायचो. 'वरून पाणी घालू नये' एवढं एक वाक्य तेवढं फळ्यावर लिहायचो आणि मुलांचं उतरवून होईपर्यंत खिडकीशी जाऊन उभा राहायचो.