जिनोवाचा कौल

तेहेतीस साल सरत होतं तेव्हा माझे यजमान शेवटचे घरी आले. छातीत खोकला होता आणि डोक्यात फुटबॉल. ते आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायचे. त्यांची बोट इटलीतल्या जिनोवा बंदराला लागायची आणि माल उतरेपर्यंत आठ-आठ दिवस तिथेच असायची. तिथल्या जुन्या फुटबॉल संघाचा त्यांना नाद लागला. घरात मीठ आहे की संपलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पण तो संघ कितव्या जागी आहे, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं.

आल्या आल्या त्यांनी पडवीच्या भिंतीवर कोळशानं अठरा रेघा ओढल्या. एकेक रेघ म्हणजे तिथल्या पहिल्या वर्गातला एकेक संघ. जिनोवाची रेघ तळाला टेकली होती. पूर्वी कितीदा अजिंक्य झालेला हा संघ, आणि या मोसमात तळाशी राहिला तर त्याला खालच्या वर्गात ढकलणार, असं ते मला रोज सांगत. खेळाडूंचा सदरा अर्धा लाल आणि अर्धा निळा असतो म्हणाले, तेव्हा मी विचारलं, "कापड कमी पडलं वाटतं शिंप्याला?" ते रागावले नाहीत. मोसम चैत्र-वैशाखापर्यंत चालणार होता आणि आमच्या जवळच्या बोर्लीच्या बाजारात त्यांना निकाल सांगणारं कोणी नव्हतं. इतका कासावीस झालेला माणूस मी आजारपणातही पाहिला नाही.

सासूबाईंना आणि मला ते पुन्हा बोटीवर जायला नको होते. खोकल्यातून काळं पडत होतं. बोर्लीतल्या एका वाण्याला दुकानात तोलायला भरवशाचा माणूस हवा होता, तेही आम्ही बोलून ठेवलं होतं. ते हो म्हणेनात, नाही म्हणेनात. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "माजं ऱ्हाऊ दे, बायकोचं ऱ्हाऊ दे. देवाला इचार. जाऊ का नको, देव बोलंल तसं."

आमच्या ग्रामदेवाच्या देवळात कौल लावताना प्रश्न मोठ्यानं बोलत नाहीत. विचारणाऱ्यानं तो मनात धरायचा. गुरव देवाच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आम्ही तिघं हात जोडून उभे होतो. बराच वेळ काही पडलं नाही. मी मनात डावी, डावी म्हणत होते. मग उजवी पडली. सासूबाईंनी डोळे पुसले आणि घरी येऊन त्या यजमानांच्या वाटेसाठी तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसल्या. देवापुढे बोलायचं काय?

मी त्यांना पोचवायला दिघी बंदरापर्यंत गेले. मुंबईची बोट खाडीत उभी होती, तिच्यापर्यंत नेणारा पडाव अजून भरायचा होता. आम्ही त्यांच्या पेटीवर बसलो. ते म्हणाले, "आईला सांगू नको. मी जायचं इचारलंच नाही."

"मग काय विचारलंत?"

"जिनोवा तरंल का, ते. जायचं तर माजं ठरलंच होतं, ते देवाला काय इचारायचं?"

मला हसू आलं. इटलीतल्या अर्ध्या लाल सदऱ्यांसाठी आमच्या देवाला वेठीला धरणारा माणूस! मी पदर तोंडाला लावून हसले, तेही हसले आणि त्यांना खोकला आला. मग पडावाच्या तांडेलानं हाक मारली.

पावसाच्या तोंडावर कंपनीचं पत्र आलं. परतताना तांबड्या समुद्रात त्यांचा ताप छातीत उतरला, ते गेले आणि त्यांना तिथेच पाण्यात दिलं. आम्ही दर्भाचा पुतळा करून दहन केलं. लोक म्हणाले, हिला रडवा. मला रडू आलं नाही. मी भात लावलं, भात कापलं, कांडलं. मधल्या महिन्यांतलं मला फारसं आठवत नाही. भिंतीवरच्या रेघा मी सारवून टाकल्या, तेवढं आठवतं.

दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर भट्टीवर असणारा एक आगवाला, म्हसळ्याकडचा मुसलमान, त्यांची पेटी घेऊन आला. सासूबाई त्याच्यासाठी गूळ-पाणी आणायला आत गेल्या. पेटीत वर तिकडचं एक वर्तमानपत्र होतं. मी विचारलं, "तो संघ?"

"गेला खाली, भाभी. त्या दिशी त्यो जेवलाच न्हाय. सारकं येकच बोलायचा, मंग देवानं उजवा कौल दिला त्यो कसला?"

सासूबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. मी पेपर घडी घालून पेटीत ठेवला.

त्यानंतर चार वर्षं त्या जगल्या. कोणी विषय काढला की एकच म्हणत, "देवाचाच कौल होता, आमी काय करनार?" त्या आधारावर त्या जेवत होत्या, झोपत होत्या. कधी कधी मला त्यांचा राग यायचा. त्यांच्याकडे देव तरी होता. पण दिघीची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.

अंथरुणाला खिळल्यावर एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. "उजवी पडली, ह्ये मी माज्या डोल्यांनी बगितलं," त्या म्हणाल्या. "पन त्यानं इचारलं काय व्हतं गो?"

म्हणजे एवढी वर्षं त्यांनाही ते कुरतडत होतं. मी म्हणाले, "जाऊ का, हेच विचारलं. मला दिघीला सांगितलं त्यांनी."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मनगट सोडलं. मी पुढचा घास भरवला, त्यांनी गिळला.

दिघीला पडाव सुटायला तेव्हा वेळ होता. चला मागे, नीट विचारून या, एवढं म्हणायला पुरेल इतका. मी हसत बसले होते.