बंदूक वडूजला, पेटी आटपाडीला

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला राजारामभावजी आमच्याकडे वडूजला आले ते हसतच. हातात नेहमीची पेटी, जुन्या चादरीत बांधलेली. एसटीत कंडक्टरनं विचारलं होतं, ''काय हाय यात?'' ह्यांनी सरळ सांगितलं, ''बंदुकीची पेटी.'' झालं! शेजारची बाई उठून पुढं गेली, मागचे दोघं माना उंचावून बघायला लागले. कंडक्टर म्हणाला, ''आन बंदूक?'' तर भावजी म्हणाले, ''ती माझ्या वयनीपाशी असती.'' हे सांगताना ते इतके हसत होते की त्यांना पाणी प्यायला जमेना. मी म्हटलं, ''भावजी, एक दिवस तुमच्या तोंडापायी माझ्या दारात पोलीस येतील.'' तर म्हणतात, ''येऊ द्यात की, त्यास्नी बी पुरणपोळी वाढा.'' ...तीच आमची शेवटची भेट. या आषाढात, सकाळी डाळिंबाच्या बागेत फेरी मारताना छातीत कळ आली, आणि माणूस बांधावरच बसला तो उठला नाही. सुमनचा, म्हणजे माझ्या जावेचा फोन आला तेव्हा मी चुलीपुढं होते. तव्यावरची भाकरी जळून गेली, तरी मी फोन धरूनच उभी.

या पेटीची गोष्ट सांगितल्याशिवाय माझे दीर तुम्हाला कळायचे नाहीत. सासऱ्यांची, आबांची, एक जुनी विलायती दोननळी बंदूक होती. तिच्याबरोबर आलेली तिची अस्सल पेटीही होती. वरून चामडं, आत हिरव्या लोकरी कापडाची बनात, नळीला वेगळा कप्पा, दस्त्याला वेगळा, आणि झाकणाच्या आत बनवणाऱ्याच्या नावाचा कागद. आबांनी दोघा मुलांची वाटणी केली तेव्हा विहिरीच्या पाण्यापासून घरातल्या परातीपर्यंत सगळं निम्मं-निम्मं केलं. बंदूक काही कापता येईना. मग म्हणाले, ''बंदूक थोरल्याला, पेटी धाकट्याला.'' आता याला काय म्हणावं! आमचे हे फौजेतून सुटून आलेले, त्यामुळं बंदुकीचं लायसन ह्यांच्या नावावर होणार, हे ठीकच. पण भावजींचं डोकं फिरलं. ''मला काय खोकं व्हय?'' असं म्हणाले, पेटी उचलली आणि आटपाडीला आजोळच्या जमिनीवर राहायला निघून गेले. दोघं भाऊ बोलेनासे झाले. आमचे हेही काही कमी नाहीत. ''त्यो गेलाय, त्योच येऊ दे,'' हा एकच धोशा.

आबा गेले, आणि त्यांचं वर्ष सरल्यावरच्या पहिल्याच नवमीला भावजी पेटी घेऊन दारात उभे. आत येईनात. मी पाटावर बंदूक मांडली होती, झेंडूची फुलं वाहिली होती. ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, ''आबा पेटीत ठेवूनच पुजायचे. नुसती बंदूक कशी सरपणात पडल्यागत दिसतीया.'' आमच्या ह्यांनी मान वर केली नाही, पण पाटावर जागा केली. बंदूक पेटीत बसली, झाकणावर हळदी-कुंकू लागलं. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण पुरणपोळ्या मात्र चढाओढीनं हाणल्या. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून भावजी पेटी घेऊन परत गेले. तेव्हापासून दर वर्षी हाच नेम. हळूहळू बोलणं सुरू झालं, मग भांडणं, मग एकमेकांची टिंगल... म्हणजे सगळं सुरळीत झालं. फक्त एक गाठ सुटली नाही. आमचे हे आटपाडीला कधी गेले नाहीत. यायचं ते भावजींनीच.

आटपाडीत त्या पेटीचा थाट काय सांगू! सुमन नेहमी कुरकुरायची, ''ताई, माझ्या लुगड्यांना ट्रंकेत जागा न्हाई, आन ही एवढी मोठी पेटी रिकामी. एक शालू तरी ठेवू द्या म्हणलं तर अंगावर येत्यात.'' भावजींचं म्हणणं, दुसरं काही भरलं की ती बंदुकीची पेटी राहणार नाही. ऊन द्यायचे, कडुनिंबाचा पाला ठेवायचे, चामड्याला तेलाचं बोट फिरवायचे. रिकाम्या पेटीची इतकी सरबराई करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एका वर्षी नेमक्या दसऱ्यातच निवडणुका आल्या. आचारसंहिता लागली की लायसनच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, तशी आमचीही झाली. ह्यांनी आटपाडीला फोन केला, ''राजा, यंदा येऊ नगंस रं. बंदूकच न्हाई घरात.'' तरी नवमीला भावजी हजर, पेटीसकट. हे म्हणाले, ''आता काय पुजायचं, हवा?'' भावजींनी शांतपणे पेटी पाटावर ठेवली, उघडली. आत बनातीवर बंदुकीचा आकार उमटलेला, वर्षानुवर्षं दाबून दाबून. ''हे काय, हाय की बंदूक,'' म्हणाले. मला हसू फुटलं, ह्यांनाही फुटलं. रिकाम्या पेटीची पूजा करणारं सातारा-सांगलीत आमचं एकच घर असेल. पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं. हा माणूस बंदुकीसाठी येत नाही, आमच्यासाठी येतो, हे त्या दिवशी मला लख्ख कळलं.

मध्यंतरी पुण्याहून जुन्या बंदुकांचे एक हौशी संग्राहक आले होते. भला माणूस. बंदूक बघून खूश झाला आणि पहिला प्रश्न विचारला, ''हिची पेटी कुठाय?'' अस्सल पेटी, अस्सल कागद जोडीनं असेल तरच या वस्तूचं खरं मोल, पेटी गेली की निम्मी ओळख गेली, असं म्हणाले. फक्त बंदूक कायम त्यात ठेवू नका, बनात ओल धरते, गंज चढतो, एवढं बजावून गेले. झालं! आमच्या ह्यांच्या डोक्यात भुंगा शिरला. त्या नवमीला भावजी निघायला लागले तर हे म्हणाले, ''राजा, पेटी आता हितंच ऱ्हाऊ दे. जोडी फोडू नये म्हनत्यात.'' भावजींनी पेटी खाली ठेवली. ''ठेवा की, दादा. तुमचीच हाय,'' म्हणाले, आणि पायात वहाणा घालायला लागले. पण चेहरा असा उतरला की मला बघवेना. मी पदर खोचला आणि ह्यांना म्हटलं, ''ठेवून घ्या खुशाल. मग फुडल्या वर्षी ते काय घेऊन येणार? मोकळ्या हातानं दारात उभा ऱ्हानारा गडी हाय का ह्यो?'' हे उठले. तणतणत अंगणात गेले, आणि तिथून ओरडले, ''दे त्याला पेटी! गाडी चुकंल त्याची!''

यंदा मला धास्ती होती ती हीच. माणूस गेला, आता आटपाडीहून येणार कोण आणि कशासाठी? हे तर म्हणाले, वर्षाच्या आत सण नाही, पूजा नाही. पण नवमीला पुतण्या विकास आला, गाडी घेऊन. पेटी ह्यांच्यापुढं ठेवली. ''आप्पा, आईशी बोललोय मी. आता ही इथंच ठेवा. आमच्याकडं पोरं तिची मोडतोड करतील. जोडी एकत्र असली तर निदान नीट राहील.'' पोराचं काही चुकलं नव्हतं. ह्यांनी उठून बंदूक आणली, पेटीत ठेवली. मी हळदी-कुंकू लावलं. विकास जेवून गेला. जी जोडी ह्यांना इतकी वर्षं हवी होती ती घरात आली, आणि आम्ही दोघं तिच्याकडं पाठ करून बसलो. माझ्या मनात आलं, संपलं आता. आटपाडीचं आणि आपलं संपलं.

दसऱ्याच्या सकाळी उठून बघते तर हे अंघोळ करून, टोपी घालून तयार. बंदूक कपाटात, पेटी काखेत.

''कुठं निघालाय?''

''आटपाडीला. पेटी पोचवून येतो.''

''आवं, विकास म्हणाला न्हवं, हितंच ठेवा म्हणून?''

''त्याला काय कळतंय? आबांनी राजाच्या घरात दिलीया ती. आबांची वाटणी मोडणारा मी कोण?''

भावाला निरोप द्यायला गेले तेवढं सोडलं तर या माणसानं त्या घराची पायरी कधी चढली नव्हती. डब्यात चार पोळ्या बांधून दिल्या.

दुपारी सुमनचा फोन आला. ''ताई, थोरले भावजी आलेत. पेटी घेऊन दारात उभं ऱ्हायले, अगदी ह्यांच्यावानी... आत येईनात. मीच म्हणलं, या की...'' तिनं फोन पुढं दिला. मग ह्यांचा आवाज आला. ''हॅलो, ऐकतीयास न्हवं? फुडल्या नवमीला विकासला पेटी घिऊन यायला सांगितलंय. त्याला सवड न्हाई झाली तर मी यीन न्यायला.''

''आन आता जेवूनच निघा,'' मी म्हटलं.

''सुमन जेवल्याबिगर सोडती व्हय?''

फोन ठेवला. कपाट उघडून बंदुकीकडं पाहिलं. पेटीवाचून ती उघडीवाघडी दिसत होती खरी. दिसू दे. मी कपाट लावून घेतलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.