बाईंचा अर्धा दिवस

सुनंदा गेल्याचा फोन माझ्या मुलीला आधी आला, मला नंतर. मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरला आमच्या हार्डवेअरच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला खिळे मोजून देत होते. नागपुरातून ऋचाचा फोन आला आणि ती म्हणाली, "आई, काकू गेली." सुनंदा माझी धाकटी जाऊ. पंधरा दिवसांपासून कावीळ होती, वाढत चालली होती, हे सगळं ठाऊक होतं. तरी त्या क्षणी माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली, ते आज सांगून टाकते. सुनंदाचं भंडारा माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर, मी घरातली मोठी सून, आणि ही बातमी आधी नागपूरला जाते? सुनंदाच्या मुलानं, ओमनं, रडत रडत जिचा नंबर लावला ती माझी मुलगी होती, मी नव्हते. दुःख नंतर आलं. आधी आली ती जळजळ. आज दीड महिना होत आला, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

आम्ही कोष्टी. सासऱ्यांचे भंडाऱ्यात दोन माग होते. ह्यांनी लग्नाआधीच माग सोडला आणि महामार्गावर दुकान टाकलं, ते चाललं. धाकटे भाऊजी मागावरच राहिले. शेठ सूत द्यायचा, भाऊजी साडी विणून द्यायचे, मजुरी मिळायची. सुनंदा मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, घर सांभाळायची. आमच्याकडे गाडी आली, वर स्लॅब पडला, आणि तिच्याकडे तीच दोन खोल्यांची जागा आणि तोच खड्ड्यातला माग राहिला. म्हणजे जळायचं असेल तर तिनं जळायला हवं होतं. पण ती माझी गाडी बघून खुश व्हायची, तिच्या काचेवरून हात फिरवायची आणि म्हणायची, बाई, लय छान आहे. मोठी जाऊ म्हणून मला ती बाईच म्हणायची. तिच्या त्या खुशीचासुद्धा मला राग यायचा.

आमच्यात अमावास्येला मागावर बसत नाहीत. भाऊजींना महिन्यातून तेवढीच एक हक्काची सुट्टी. पोळ्याची आणि दिवाळीची अमावास्या सोडली तर बाकी प्रत्येक अमावास्येला सुनंदा नवऱ्याला आणि पोराला घेऊन सहलीला निघायची. लोक अमावास्येला बाहेरगावी जायचं टाळतात. ती म्हणायची, म्हणून तर एसटी रिकामी मिळते, खिडकी मिळते, देवळात गर्दी नसते. डब्यात फोडणीचा भात आणि लाखोरीच्या डाळीचे वडे, पाण्याच्या दोन बाटल्या, पसरायला एक जुनं लुगडं. कनवटीला जेवढे पैसे असतील तेवढ्या लांबचं तिकीट. कधी कोरंभी, कधी पवनीचा घाट, कधी नुसताच एखाद्या गावाचा तलाव आणि त्याची मातीची पाळ. पुढं एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं तेव्हा ती पेढा घेऊन माझ्या दुकानात आली होती... आता दुप्पट दूर जाता येईल म्हणून. त्या महिन्यात ती थेट गायमुखला जाऊन आली.

ऋचाची शाळा भंडाऱ्यातली. तिसरीत असल्यापासून दर अमावास्येला माझ्या मुलीचं पोट दुखू लागलं. आम्ही दोघं दिवसभर दुकानात, आजारी पोरीला घरी एकटं कसं ठेवायचं? मग तिला काकूकडे सोडायचं. ते पोट काकूच्या उंबऱ्यावर पाय ठेवताच बरं व्हायचं, हे मला कळायला चार महिने लागले. कळल्यावर मी चिडले, पण अडवलं नाही. त्याऐवजी एका रविवारी गाडी काढली आणि पोरीला नागपूरच्या वॉटर पार्कला नेलं. दिवसभर पाण्यात घसरली, बर्गर खाल्ला, येताना गाडीत झोपली. कसं वाटलं विचारलं तर म्हणाली, छान. एका शब्दात. आणि पुढच्या अमावास्येला कुठल्याशा तळ्यावरून पायाला चिखल लावून आली ती तीन दिवस बोलत होती. कोणत्या झाडाखाली बसले, ओमची चप्पल कशी वाहून गेली, शिंगाडे काढणाऱ्या बाईनं ओंजळभर शिंगाडे कसे फुकट दिले. मी पोळ्या लाटत ऐकायची आणि पोळ्या करपायच्या.

त्या सहलीची एक रीत होती. प्रत्येक अमावास्येला एक जण मालक. पाळीनं. भाऊजी महिनाभर दुसऱ्याचा माल विणतात, एक दिवस तरी माणसानं मालक व्हावं, असं सुनंदाच्या डोक्यातून निघालेलं. मालक म्हणेल तिथं उतरायचं, तो म्हणेल तिथं बसायचं, डबा कधी उघडायचा, परत कधी निघायचं, सगळं मालकाच्या मनावर. कोणी उलट बोलायचं नाही. ऋचा नऊ वर्षांची असताना मालक झाली आणि तिनं हुकूम सोडला की दिवसभर सगळ्यांनी तिला 'अहो ऋचाबाई' म्हणायचं. म्हटलं सगळ्यांनी, तिच्या काकांनीसुद्धा. भाऊजींची पाळी आली की ते एवढंच म्हणायचे, मले झोपू द्या. मग ते आंब्याखाली झोपायचे आणि बाकीचे दिवसभर कुजबुजत खेळायचे. हे सगळं मला ऋचाकडून कळायचं. माझ्या घरात माझी मुलगी कधी अशी हुकूम सोडत नव्हती. माझ्याजवळ तिला काही मागावंसंच वाटत नव्हतं की काय, कोण जाणे.

ऋचा सातवीत होती तेव्हा सुनंदानं मला बोलावलं. एकदा तरी या बाई, तुमची पाळी लावली आहे. ऋचानं असा काही हट्ट धरला की मला नाही म्हणता येईना. रावणवाडीला गेलो. फाट्यावर उतरून चालत. मला चालायची सवय राहिली नव्हती, साडी चांगली नेसले होते, त्यात सगळे माझ्याशी पाहुण्यासारखं वागत होते, हळूच, सांभाळून. तळ्याकाठी सुनंदानं लुगडं पसरलं. मी बसले, सुनंदा तिकडे दूर बाटल्या भरायला गेली. ऋचा ओमबरोबर पळत होती आणि तिच्या पायात बाभळीचा काटा गेला. मी तिच्यापासून दहा पावलांवर. पोरगी लंगडत माझ्या पुढून गेली, मी हात पुढं केला होता, आणि ती तशीच पुढं सुनंदाकडे गेली. "काकू, काटा." सुनंदानं बाटल्या ठेवल्या, पोलक्याची पिन काढली, पाय मांडीवर घेतला आणि काटा काढून पोरीच्या हातावर ठेवला. दोघी हसल्या. मी पुढं केलेला हात परत घेतला. कोणी पाहिलं नव्हतं, पण मी पाहिलं होतं.

मग सगळे माझ्याभोवती येऊन बसले. ओम म्हणाला, मोठी आई, आज मालक तू, आता काय करायचं? बारा वाजत होते. डबाही उघडला नव्हता. मी म्हटलं, "मले घरी जाचं आहे. आत्ताच."

मला वाटलं कोणीतरी बोलेल. अहो बाई, एवढ्या लवकर कसं, असं सुनंदा म्हणेल, मग मीही काहीतरी बोलेन, भांडण होईल आणि पोटातलं सगळं एकदाचं बाहेर पडेल. मला भांडणच हवं होतं. ओमचा चेहरा पडला. ऋचा माझ्याकडे बघतच राहिली. सुनंदानं डब्याला परत फडकं बांधलं आणि म्हणाली, "मालकानं सांगतलं न? उठा मंग." आणि सगळे उठले. फाट्यावर एसटीची वाट पाहत उभ्या उभ्या भात खाल्ला. ऋचा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी पुन्हा कधी त्यांच्याबरोबर गेले नाही आणि सुनंदानंही पुन्हा कधी बोलावलं नाही. त्या दिवशी ती भांडली नाही, याचा राग मी दहा वर्षं धरून होते. पोरगी मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली, आणि सुट्टीत आली की बॅग माझ्याकडे टाकून भंडाऱ्याला पळायची. काकूसाठी काहीबाही आणायची. माझ्यासाठीही आणायची, नाही असं नाही. पण काकूसाठीचं निवडून आणलेलं असायचं.

तेरवीच्या दिवशी ऋचा सुनंदाच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. मी जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला, तर तिनं अंग आखडून घेतलं. मी उठणार, तेवढ्यात ती म्हणाली, दाराच्या मागं पाह. दार ओढलं. मागं खिळ्याला साडीच्या खोक्याचा पुठ्ठा टांगलेला. त्यावर पेन्सिलीनं नावं, सुनंदाच्या बारीक अक्षरात. भाऊजींचं, ओमचं, ऋचाचं, तिचं स्वतःचं. प्रत्येकाच्या पुढं फुल्या, झालेल्या पाळ्यांच्या. आणि खाली 'बाई'. माझ्या नावापुढं फुली नव्हती. फुलीची एकच तिरपी रेघ होती.

मी म्हटलं, जुना पुठ्ठा दिसते. ऋचा म्हणाली, "याच वर्षीचा आहे. काकू दरसाल नवा टांगायची, अन् तुझी रेघ उतरवून घ्यायची. मी विचारलं तिले, काहून ठेवतं हे? तर म्हने, बाईंचा अर्धा दिवस बाकी आहे. त्या येतील."

वाचणाऱ्यांना वाटेल, मला तिथं रडू कोसळलं असेल. नाही. मला राग आला. मेली तरी माझ्यापेक्षा मोठीच निघाली ही बाई. दहा वर्षं मी हिच्या नावानं पोळ्या करपवल्या आणि ही दरसाल पेन्सिलीला टोक काढून माझी रेघ ओढत बसली होती. आणि एकदाही तोंडानं बोलली नाही. बोलली असती तर मी आले असते का? नसते आले. ते तिलाही ठाऊक असावं.

मागच्या अमावास्येला मी सकाळी भंडाऱ्याला गेले. गाडी घेऊन नाही. ऋचाला दोन दिवस रजा काढायला लावली. भाऊजी म्हणाले, वहिनी, कायले त्रास घेता, माह्या मनात नाही आता. मी म्हटलं, आज मालक मी आहे, उठा. मग ते उठले. भात मी केला, वडे मी तळले, थोडे कडक झाले. कंडक्टरला अर्धं तिकीट मागताना माझी जीभ अडखळली, आयुष्यात पहिल्यांदा मागत होते. रावणवाडीच्या फाट्यावर उतरलो, चाललो, तळ्याकाठी पोचलो तेव्हा बारा वाजत होते. तेच लुगडं ऋचानं पसरलं. ओम आता बापापेक्षा उंच झालाय. तो खाली बघत म्हणाला, मोठी आई, आता काय करायचं?

मी म्हटलं, "मी नव्हती तेव्हा तुमी काय काय केलं, ते सांगा. पहिलेपासून. काही सोडू नका."

ऋचानं सुरू केलं... वाहून गेलेल्या चपलेपासून. मग ओम, मग भाऊजीसुद्धा. सुनंदा पाण्यात कशी घसरली, देवळातल्या पुजाऱ्याशी कशी बोलत बसली, शेवटच्या अमावास्येला दम लागला तेव्हा तळ्याच्या पाळीवर बसून, मी इथूनच पाहते, तुमी जा, कशी म्हणाली. ऊन उतरेपर्यंत चाललं. प्रत्येक गोष्टीत माझी मुलगी होती आणि मी नव्हते. मी अख्खी दुपार जळत बसले होते. पण उठले नाही. मधेच केव्हातरी ऋचा सरकून माझ्या शेजारी आली आणि माझ्या मांडीवर पाय टाकून बोलत राहिली. मी तो पाय हलू दिला नाही, माझ्या मांडीला मुंग्या आल्या तरी.

परत आल्यावर ओमनं दार ओढलं, पुठ्ठा काढला आणि कानामागची पेन्सिल घेऊन माझी फुली पुरी करायला लागला. मी त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. तो म्हणाला, पण झाला न तुझा दिवस? मी म्हटलं, नाही झाला, तशीच राहू दे, पुढच्या वर्षी पुठ्ठा बदलशील तेव्हा तुझी आई उतरवायची तशी उतरवून घे. सुनंदानं ऋचाला काय काय दिलं, ते मी दुपारभर ऐकलं होतं. ही रेघ तेवढी माझ्यासाठी ओढलेली होती, आणि ती मी कोणाला पुरी करू देणार नाही.