पेनड्राइव्ह मागं लाव की!

कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं की ड्रॉवरमध्ये दोन गोष्टी साठतात: मेलेले पेनड्राइव्ह आणि किस्से. पेनड्राइव्ह भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? मग तुमच्यासारखे चहाला बसले की बाहेर काढायचे!

आणि कुठलाही काढा, त्यात श्रीनू असतोच. श्रीनिवास, माझा पार्टनर. जुन्या मशीनवर विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स टाकून द्यायची आयडिया त्याचीच. दिवाळीनंतर त्याला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. लेक लावण्या त्याला पुण्याला घेऊन गेली. तेव्हापासून दुकानात मला शिव्या घालणारं कुणी नाही. हसू नका, त्याच्या एका शिवीसाठी जीव कासावीस होतो.

*

मंद्रूपचे एक गुरुजी. लिनक्सची फाईल स्वतः डाऊनलोड केली, पेनड्राइव्हवर कॉपी केली आणि आले तणतणत. "फाईल टाकली हाय की! मग मशीन उचलत का न्हाय?"

श्रीनू म्हणाला, "गुरुजी, बियाण्याचं पोतं रानात नेऊन ठेवलं म्हणून उगवतंय का? पेरायला लागतं." आणि फाईल पेनड्राइव्हवर लिहिणारं सॉफ्टवेअर दाखवलं.

आठ दिवसांनी गुरुजी परत. लिनक्स झकास चालू, पण तोंड उतरलेलं. पेनड्राइव्हवर शाळेच्या गॅदरिंगचे सगळे फोटो होते, ते साफ!

"पेरायच्या आदी नांगरट हुती, हे सांगायचं की राव!"

*

श्रीनूचं घर विणकरांचं. भावाच्या मागावरचे रंगीत दोरे आणून तो पेनड्राइव्हना बांधायचा. लाल म्हणजे जुन्या मशीनचं लिनक्स, हिरवा म्हणजे नव्याचं. बिनदोऱ्याचा म्हणजे रिकामा.

एकदा लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह काही केल्या बूट होईना, मशीन त्यावरून सुरूच होईना. सिक्युअर बूट बंद केलं, बूट ऑर्डर बदलली, रॅम काढून पुसली. अख्खी दुपार गेली! डबा घेऊन आलेली श्रीनूची आई कोपऱ्यात बसून सगळं बघत होती. शेवटी हळूच म्हणाली, "तो होय? सकाळी मीच बांधला त्याला दोरा. पापम्, बिचारा! त्याला एकट्यालाच काही नव्हतं रे!"

श्रीनूनं कपाळावर हात मारला. पण तो दोरा त्यानं सोडला नाही. अजून आहे ड्रॉवरमध्ये, रिकामा पेनड्राइव्ह, लाल दोऱ्याचा.

*

मोहोळचे एक रिटायर्ड पोस्टमन होते. आठवणी लिहायला म्हणून लिनक्सचा पेनड्राइव्ह घेऊन गेले. पंधरा दिवसांनी आले. "रोज चार पानं लिवतो, दुसऱ्या दिवशी बघतो तर कोरं."

श्रीनूनं बघितलं. त्यांनी 'इन्स्टॉल'च्या जागी 'ट्राय' दाबलं होतं. म्हणजे सगळं पेनड्राइव्हवरूनच चाललेलं. मशीन बंद केलं की लिहिलेलं गेलं.

"मग पंधरा दिवस आला का नाही, काका?"

"मला वाटलं, लिवायचंच इसरतोय मी. घरात कुणाला बोललो न्हाय."

श्रीनू हसायला लागला आणि मधेच थांबला. हातातलं काम टाकून त्यानं स्वतः इन्स्टॉल करून दिलं. "आता काय पुसणार नाही, काका. लिहा बिनधास्त." परवा ते श्रीनूची चौकशी करायला आले होते.

*

आता शिवीचं. जुन्या कॅबिनेटचे पुढचे पोर्ट ढिले असतात, पेनड्राइव्ह निम्म्यात दम तोडतो. मागचे पोर्ट थेट बोर्डावर. पण मागं वाकायचं म्हणजे माझं पोट आडवं येतं, मग मी लावतो पुढंच. लगेच ओरडा: "मागं लाव की रे, गाढवा!" वीस वर्षं हेच.

एकदा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "बूट डिव्हाइस मिळत नाही म्हणतंय." श्रीनूला वाटलं मीच, गिऱ्हाइकाकडून बोलतोय. त्यानं नेहमीची शिवी हासडली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजचे प्रिन्सिपॉल दारात, हातात पेढे. "मागं लावलं, चालू झालं. गाढव आलंय!"

*

दर रविवारी मी व्हिडिओ कॉल लावतो. तो नुसता बघतो. लावण्या म्हणते, "काका, बोलत राहा, त्यांना कळतंय सगळं."

गेल्या रविवारी मी फोन काउंटरवर टेकवून ठेवला, जुनं कॅबिनेट त्याच्यासमोर ओढलं आणि पेनड्राइव्ह लावला. पुढं. मुद्दाम.

"श्रीनू, बूट होईना बघ. सिक्युअर बूट बंद केलंय. ऑर्डर बरोबर आहे. फाईल परत लिहिली. काय करू?"

तो बघत राहिला. मग डावा हात उचलला, हवेत मागं वळवला. ओठ हलले.

"मा... मागं."

पलीकडून लेकीचा हुंदका ऐकू आला. त्यानं परत तोंड उघडलं, मान ताठ झाली.

"गा... ढवा!"

माझा हात पेनड्राइव्हवर गेला होता. तिथंच ठेवला. डोळे पुसले आणि म्हटलं,

"काय? ऐकू नाही आलं बघ. परत सांग की!"